कप : कोण म्हणालं, कोणाला

५ जून

प्रिय बटण,

पाच महिन्यांत तुझं एक पत्र नाही. फोन केला की तुझे सासरे उचलतात, माझ्याशी पाऊण तास अस्खलित बोलतात आणि शेवटी "सूनबाई कामात आहे, खुशाल आहे" असं म्हणून ठेवून देतात. त्यांचं बोलणं इतकं छान असतं की फोन ठेवल्यावर मला आठवतं, मी तो तुझ्यासाठी केला होता.

माझं म्हणशील तर मी अजून 'क'मध्येच आहे. शब्दकोशाचं काम सुरू होऊन बारा वर्षं झाली, त्यातली पाच 'क'त गेली. आम्ही चार जण, दोन खिडक्या आणि चिठ्ठ्यांचे लाकडी खण. सगळे स्वर पार करून आत शिरलो आणि आता बाहेर पडायची वाट सापडत नाही. सध्या 'कप' चालू आहे. पाठीमागे कपट, कपडा आणि कपाट रांग लावून उभे आहेत.

थोरल्या संपादकांनी अर्थ लिहिलाय: 'चहा वगैरे पिण्याचे, एका बाजूस कान असलेले, बहुधा बशीसह वापरायचे लहान भांडे.' अर्थ बरा आहे, पण उदाहरणाची वाक्यं नाहीत. आमच्याकडे चौघंही स्टीलच्या ग्लासातून पितात, आमच्या तोंडून कप येणार कुठून? तुमच्या घरी काचेच्या कपाटात सोनेरी काठाचे सहा कप मी पाहिले होते. तेव्हा कान उघडे ठेव आणि घरात ऐकू येणारी वाक्यं पाठव. मनाची रचू नकोस. कोशाला खरं बोलणं लागतं.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. लॅबवाले काका भेटले होते. तू कवळ्यांचे साचे करायचीस ते टेबल पुन्हा रिकामं झालंय. म्हणाले, "तिच्यासारखी दाढ कोणाला जमत नाही. तीस सप्टेंबरपर्यंत थांबतो, त्यापुढे मला माणूस घ्यावाच लागेल." तुझ्या परीक्षेचा मूळ दाखला घेऊन ये म्हणाले, हल्ली तपासणीला दाखवावा लागतो. लग्न ठरताना तुझ्या नवऱ्याने स्वतः कबूल केलं होतं ना, तो महिन्यातले पंचवीस दिवस फिरतीवर असतो, तेव्हा तू माझ्याकडे राहून काम करशील आणि सुट्टीत तो इथे येईल? सहा महिन्यांनी रुजू होणार होतीस. दोन वर्षं झाली. त्याला सांग आणि ये.

तुझी,
मावशी


१६ जून

ती. मावशी,

तुझं पत्र बाबांनी नाश्त्याच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवलं. इथे पत्रं बैठकीतच उघडतात, म्हणजे सगळ्यांनाच कळतं. बाबा मुख्याध्यापक होते ते तुला माहीत आहेच. मी लिहिलेलं पत्रही टपालात टाकण्याआधी ते शुद्धलेखनासाठी बघतात, त्यामुळे यात तुला चुका सापडणार नाहीत.

मी बरी आहे. घर तू पाहिलंस, पण तेव्हा पुढच्या खोलीत बसून होतीस. आमच्या खोल्या एकापुढे एक आहेत, रेल्वेच्या डब्यांसारख्या. सगळ्यात मागे स्वयंपाकघर, मग आमची खोली, मग आत्याबाईंची, मग आईंची आणि पुढे बैठक. दार बैठकीला, आणि दाराशी बाबांची खुर्ची. फोन त्यांच्या उजव्या हाताला असतो. स्वयंपाकघरापासून खुर्चीपर्यंत चौतीस पावलं होतात. आता बशीत थेंबही सांडत नाही. दाराला कधी कुलूप नसतं. मी निघाले की आत्याबाई विचारतात, कुठे? मग आई विचारतात, कुठे? आणि बाबा पेपर खाली करून विचारतात, कुठे? इथे मी कधीच एकटी नसते.

लॅबचं बाबांनी ऐकून घेतलं. बघू म्हणाले. माझा दाखला त्यांनी घराच्या कागदांबरोबर लोखंडी कपाटात ठेवलाय, किल्ली त्यांच्या चष्म्याच्या डबीत असते. त्यामुळे हरवण्याची भीती नाही.

घरगुती मजकुराने पत्रं भरू नयेत, पण कोशाचं काम विद्येचं आहे, त्यात अवश्य हातभार लाव, असं बाबा म्हणाले. म्हणून वाक्यं पाठवते. सगळी ऐकलेली आहेत.

'कप भरून आण, पण काठोकाठ नको.'

'फोन ठेव आता, कप वाट बघतायत.'

'कान तुटला म्हणून कप टाकायचा नसतो, घरातल्या माणसाला चालतो.'

'तिचा कप बशीने झाकून ठेव, हातातलं झालं की पिईल ती.'

'तू दारात काय करतेस? इथला कप कोण उचलणार?'

'कप किती आणि माणसं किती, एवढंही कळत नाही?'

आणखी जमवते.

तुझी,
बटण


२४ जून

प्रिय बटण,

तुझं पत्र आलं आणि 'क'मध्ये जरा उजेड पडला. वाक्यं मोठ्याने वाचली तेव्हा चौघंही हातातलं काम सोडून ऐकत बसलो. तुला कान आहे. कपाला असतो तसा नव्हे, खरा.

फक्त थोडी काटछाट केली, रागावू नकोस. 'कान तुटला म्हणून कप टाकायचा नसतो' एवढंच ठेवलं. 'घरातल्या माणसाला चालतो' हे शेपूट उगाच आहे, अर्थात भर पडत नाही. चौथ्यातलं 'हातातलं झालं की पिईल ती' हेही काढलं. कोशात जागा कमी असते, वाक्याला पुढचा-मागचा संसार नको.

घराचं वर्णन वाचून हसले. सगळे सारखे विचारपूस करतात म्हणजे भाग्यच म्हणायचं. मी आजारी पडले तर शेजारणीला चौथ्या दिवशी कळेल.

थोरले संपादक मात्र संशयी माणूस. म्हणाले, "इतकी ताजी वाक्यं? ही मुलगी घरबसल्या रचत नाही ना?" मला रागच आला. पण नियम म्हणजे नियम. यापुढे प्रत्येक वाक्याची वेगळी चिठ्ठी कर आणि खाली तीन गोष्टी लिही: कोण म्हणालं, कोणाला, कधी. कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा सोबत पाठवलाय.

लॅबचं 'बघू' म्हणजे काय ते कळव. तीस सप्टेंबर लक्षात आहे ना?

तुझी,
मावशी


९ जुलै

आदरणीय संपादिकाबाई,

आपले पत्र व कोऱ्या चिठ्ठ्या पोचल्या. सूनबाईंच्या हातून असे विधायक कार्य घडत आहे याचा आम्हां सर्वांस अभिमान वाटतो. मी स्वतः चौतीस वर्षे शिक्षणक्षेत्रात घालवली असल्याने शब्द म्हटला की स्वस्थ बसवत नाही. सबब माझीही काही वाक्ये सोबत जोडत आहे.

'ज्या घरात कप चकचकीत, त्या घरात शिस्त.' (म्हणणारा: मी. कोणाला: कुटुंबास. प्रसंग: नेहमीचा.)

'चहाच्या कपाबरोबर येते ती बशी, आणि सासरबरोबर येते ती जबाबदारी.' (म्हणणारा: मी. कोणाला: सूनबाईस. प्रसंग: तिने नोकरीचा विषय काढला तेव्हा.)

दुसरे वाक्य मला विशेष साधले आहे असे सर्वांचे मत पडले. त्यास कोशात चांगली जागा मिळावी.

नोकरीबद्दल आपण विचारले होते. माझे मत असे की घाई नसावी. मुलगी हुशार आहे, पण घरास तिची सवय झाली आहे. दिवसातून आठ वेळा चहा होतो, तो तिच्याच हातचा लागतो. दाखला सुरक्षित आहे. काळजी नसावी.

कोशाच्या शेवटी वाक्ये पुरवणाऱ्यांची नावे छापतात काय, ते कृपया कळवावे.

आपला,
निवृत्त मुख्याध्यापक


२० ऑगस्ट

ती. मावशी,

पत्राला उशीर झाला. चिठ्ठ्या भरायला वेळ लागला. तेवीस पाठवते आहे. बाबांनी सगळ्या तपासल्या. त्यांना त्यांत काही खटकलं नाही, एका ठिकाणी अनुस्वार दिला.

चिठ्ठ्या टपालात पुढेमागे होतील म्हणून त्यांतल्या काही इथे उतरवते.

'आधी कप लाव, मग दाखल्याचं बघू.' कोण: बाबा. कोणाला: मला. कधी: शुक्रवार, १८ जुलै, सकाळी. मी दाखला मागितला तेव्हा.

'लॅबमध्ये गेली तर इथे कप कोणाच्या हातात द्यायचे?' कोण: आत्याबाई. कोणाला: आईंना. मी समोर उभी होते. कधी: त्याच दिवशी, दुपारी.

'तिच्यासाठी थांबू नका, तिचा कप नंतर.' कोण: आई. कोणाला: पाहुण्यांना. कधी: रविवार, ३ ऑगस्ट.

'दात काय करायचेत घेऊन, एवढा कपाचा कान चिकटव.' कोण: आत्याबाई. कोणाला: मला. कधी: गुरुवार, ७ ऑगस्ट.

'बाबांना विचार. कप घेऊन जा हा.' कोण: हे. कोणाला: मला. कधी: रविवार, १० ऑगस्ट. ते त्या दिवशी आले होते. त्यांच्या कबुलीची मी आठवण करून दिली तेव्हा.

'परत दाखला? कप गार झाला बघ बोलण्यात.' कोण: बाबा. कोणाला: मला. कधी: मंगळवार, १२ ऑगस्ट.

'किती दिवस झाले दाखल्याचं नाव नाही, कपही वेळेवर येतात, सुधारली हो.' कोण: आई. कोणाला: बाबांना. कधी: काल.

इथे कोणी माझ्यावर ओरडत नाही. सगळे हळू आवाजात बोलतात. हे मी अशासाठी लिहिते की वाक्यं वाचताना तू चुकीचा आवाज लावू नयेस.

मी कान तुटलेला कपच वापरते. तो दोन बोटांनी काठाला धरावा लागतो. चहा गरम असताना धरता येत नाही, पण तो माझ्यापर्यंत येतो तेव्हा गरम नसतोच, त्यामुळे अडत नाही.

तुझी,
बटण


२६ ऑगस्ट
(न पाठवायचं. खणात ठेवायचं.)

बटण,

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायच्या आधी नाश्त्याला वाचलं जाईल, म्हणून ते टपालात पडणार नाही. पण लिहिल्याशिवाय मला आज घरी जाववणार नाही.

आमच्याकडे चिठ्ठ्या आल्या की म्हणणाऱ्याप्रमाणे खणात लावतात. आज तुझ्या तेवीस लावायला बसले. बाबांच्या कप्प्यात नऊ. सासूबाईंच्या आठ. आत्याबाईंच्या पाच. तुझ्या नवऱ्याची एक. मग सवयीने तुझा कप्पा काढला आणि हातात एकही चिठ्ठी उरली नव्हती. मी टेबलाखाली शोधलं, पाकीट झटकलं. तेवीस बरोबर होत्या. तुझं एकही वाक्य नाही. तू फक्त 'कोणाला' या रकान्यात आहेस. बहुतेक चिठ्ठ्यांवर तिथे 'मला', नाहीतर 'मी समोर उभी होते'.

मग जूनचं पत्र काढून पुन्हा वाचलं. ज्या पत्राला मी हसले ते. त्या खोल्या, तो 'कुठे', ती किल्ली. तू सगळं सांगितलं होतंस आणि मी तुला भाग्यवान म्हणाले. कान तुटलेला कप घरातल्या माणसाला चालतो, हे तू मला सांगत होतीस, आणि मी त्याचं शेपूट कापलं. आयुष्यभर बोलणं ऐकण्याचा पगार घेते मी. लाज वाटली मला. अजून वाटतेय.

जानेवारीत तुझ्याकडे आले होते. तू पाच वेळा चहा आणलास. सोनेरी काठाच्या कपातून. पाचही वेळा मी तुझ्या सासऱ्यांशी बोलत होते, कारण ते इतके सुंदर बोलतात. तुझ्याशी काय बोलले आठवतंय? "चहा फक्कड झालाय." लग्न ठरवतानाही मी त्यांच्या भाषेलाच भुलले होते. तुझी आई असती तर तिने भाषा बाजूला ठेवून घर बघितलं असतं. तू बारा वर्षांची असल्यापासून मी तुला वाढवलं आणि नेमकं इथे माझं डोकं चाललं नाही.

उद्याच बस धरून यावं असं वाटतं. पण येऊन काय होईल ते मला माहीत आहे. मला खुर्ची मिळेल, चांगला कप मिळेल, सगळे हळू आवाजात बोलतील आणि तू स्वयंपाकघरात असशील. दाखला कपाटातच राहील. तो हातात आल्याशिवाय लॅबचं टेबल तुला मिळत नाही, आणि टेबल नसेल तर चार दिवसांनी गोड बोलून तुला परत नेतील.

त्या माणसाला भीती कशाची नाही, पण कागदाचा मान फार. शिक्का असलेला कागद तो उभा राहून वाचेल. मी आज थोरल्या संपादकांपुढे एक मसुदा ठेवला. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "असा नियम आहे आपल्याकडे?"

"आजपासून आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या टेबलावरचे उघडे कप्पे पाहिले, तेवीस चिठ्ठ्या पाहिल्या, आणि सही केली. शिक्का त्यांनी स्वतः मारला, दोनदा.

मावशी


२८ ऑगस्ट
शब्दकोश कार्यालय
विषय : वाक्यदात्यांच्या नामावलीबाबत

माननीय महोदय,

आपल्या पृच्छेस अनुसरून कळवण्यात येते की, कोशाच्या अखेरीस वाक्यदात्यांची नामावली त्यांच्या शैक्षणिक अर्हतेसह छापण्यात येणार आहे. त्याकरिता प्रत्येक वाक्यदात्याने आपला मूळ दाखला पडताळणीसाठी १५ सप्टेंबरपूर्वी प्रत्यक्ष येऊन किंवा नोंदणीकृत टपालाने सादर करावा. साक्षांकित नकला स्वीकारल्या जाणार नाहीत.

आपल्या घरातून दोन वाक्यदाते नोंदलेले आहेत. एकाचे दाखले अपूर्ण राहिल्यास त्या घराची सर्व वाक्ये वगळावी लागतील, याची कृपया नोंद घ्यावी.

संपादिका


६ सप्टेंबर

आदरणीय संपादिकाबाई,

आपले कार्यालयीन पत्र मिळाले. असा काटेकोरपणा हल्ली दुर्मीळ झाला आहे. वाचून समाधान वाटले.

सूचनेप्रमाणे माझा पदवीचा व सूनबाईंचा दंततंत्र परीक्षेचा असे दोन्ही मूळ दाखले आजच नोंदणीकृत टपालाने रवाना केले आहेत. सूनबाईस प्रत्यक्ष पाठवणे शक्य नाही. तिच्याशिवाय इथे पान हलत नाही. आणि दाखला आल्यावर माणसाची काय गरज?

नामावलीत माझे नाव पदवीसह प्रथम यावे ही विनंती. 'बशी व जबाबदारी' या वाक्याविषयी आपण काहीच लिहिले नाहीत. ते घेतले आहे ना?

दाखले काम होताच परत करावेत. त्यांची जागा कपाटात आहे.

आपला,
निवृत्त मुख्याध्यापक


१३ सप्टेंबर

माननीय महोदय,

दोन्ही दाखले पोचले. आपला दाखला परतीच्या टपालाने पाठवत आहे. सूनबाईंचा मात्र कोश छापून होईपर्यंत इथेच राहील.

आपले वाक्य थोरल्या संपादकांनी वाचले आणि चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचले.

आता एक अडचण आहे. आमच्याकडे 'कप'ची घरातली वाक्यं पुष्कळ झाली, पण घराबाहेरची जवळजवळ नाहीत. चहाच्या दुकानात दुपारी तीन ते पाच बसून, लोक कपाबद्दल काय बोलतात ते टिपून घेणारं कोणी हवं आहे. त्याला कान हवा, शुद्ध भाषा हवी आणि खुर्चीत दोन तास बसण्याची सवय हवी. हे काम सूनबाईंना झेपणार नाही. आपण वेळ काढू शकलात तर कोशावर उपकार होतील. वही सोबत पाठवली आहे.

खालचा मजकूर सूनबाईंसाठी आहे, तोही आपण वाचून दाखवावा.

बटण, तुझी सगळी वाक्यं घेतली. कापलेली शेपटंही परत जोडली, चूक माझी होती. आता फक्त एक वाक्य कमी आहे. तुझ्या चिठ्ठ्यांत म्हणणारी तू असलेलं एकही वाक्य नाही. ते हवं आहे. तीस सप्टेंबरला खण बंद होतो, त्याआधी ते इथे यावं. तुझा दाखला माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्या खणाला कुलूप नाही.

मावशी


२५ सप्टेंबर, बसस्थानक

मावशी,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. टपालाला तीन दिवस लागतील आणि मी संध्याकाळी तुझ्या दारात असेन. बस पाच वाजता आहे. पण तू नेहमी म्हणतेस, कागदावर नाही ते वाक्य झालंच नाही, म्हणून लिहिते. आणि हे कोणीही तपासणार नाही, म्हणूनही.

तुझं पत्र बाबांनी मोठ्याने वाचलं. माझा मजकूरही वाचला, अगदी स्पष्ट उच्चारांत. 'त्या खणाला कुलूप नाही' हे वाचून म्हणाले, निष्काळजीपणा आहे. मी किटली उचलून आत गेले आणि मोरीशी उभी राहून रडले. खूप दिवसांनी रडले. मला वाटत होतं की तू कधीच ओळखणार नाहीस. मी किती साधं लिहिलं होतं, आणि तू किती खूश होत होतीस.

दुसऱ्या दिवसापासून बाबा वही घेऊन कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात जाऊ लागले. तीनला जातात, पाचला येतात. आल्यावर वाक्यं वाचून दाखवतात. दोन वर्षांत मी त्यांची खुर्ची कधी रिकामी पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी मी बैठकीच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी खुर्चीला हात लावून परत आले. मला कोणी अडवलं नव्हतं, तरी मी परत येत होते. ते मला सगळ्यात वाईट वाटलं. इतकी सवय मलाही झाली होती. आज नववा दिवस होता.

आज तीनचा चहा झाल्यावर मी सगळे कप धुतले आणि काचेच्या कपाटात लावले. माझा कान तुटलेला धुऊन ओट्यावर पालथा घातला. एका पिशवीत दोन साड्या आणि माझी साच्याची हत्यारं घेतली, ती आत्याबाई कपाचा कान चिकटवायला वापरायला लावत होत्या. आत्याबाईंच्या खोलीत आले तेव्हा त्या म्हणाल्या, "कुठे?"

मी म्हणाले, "बाहेर."

मला वाटलं, आता काहीतरी होईल. त्या कुशीवर वळल्या आणि म्हणाल्या, जाताना दार ओढून घे. आई झोपल्या होत्या. बाबांच्या खुर्चीत मी चिठ्ठी ठेवली. मी कामावर रुजू होते आहे, जसं ठरलं होतं तसं. पत्ता मावशीचा. ह्यांना मी स्वतः लिहीन, बाबांना विचारून नाही. मी पळून आलेली नाही मावशी, हे तू कोणी विचारलं तर सांग. मी दुपारी साडेतीनला, चपला घालून, दारातून आले.

बसस्थानकाचा रस्ता त्या दुकानावरूनच जातो. दुसरा रस्ता नाही. बाबा पुढच्याच टेबलाशी बसले होते, वही उघडी, शेजारच्या दोघांचं बोलणं टिपत होते. मी मान खाली घालून चालले होते, तेवढ्यात त्यांनी वर बघितलं. पिशवी बघितली. आणि घरात म्हणतात तसंच म्हणाले, "कुठे?"

माझे पाय थांबले. खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं.

"वाक्य द्यायला चालले," मी म्हणाले. "माझं एक कमी आहे."

त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "अनुस्वार बघ," आणि परत वहीत वाकले. त्यांना अजून कळलं नसेल. पाच वाजता घरी येतील, खुर्चीतली चिठ्ठी उचलतील आणि आधी शुद्धलेखन बघतील. मला त्यांचा राग येतो, आणि त्या वाकलेल्या मानेची जरा दयाही आली. दोन्ही लिहिते, एक कापू नकोस.

इथे फलाटाच्या टोकाला एक चहावाली बाई आहे. तिच्याकडे पांढरे कप आहेत, जाड, साधे, कान असलेले. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. तिला वाटलं मी कोणासाठी तरी चहा न्यायला आले आहे. तिने विचारलं, किती कप, कुठे पाठवायचे? मग मी सांगितलं. तुझी शेवटची कोरी चिठ्ठी मी पदरात बांधून आणली होती, ती तिच्या फळीवर ठेवून भरली.

वाक्य : 'एकच कप द्या, मला. मी इथे बसून पिणार आहे.'

कोण म्हणालं : मी.

कोणाला : चहावाल्या बाईंना.

कधी : गुरुवार, २५ सप्टेंबर, दुपारी सव्वाचार.

बटण

ता. क. पहिल्याच घोटाला जीभ भाजली. चहा इतका गरम असतो हे मी विसरूनच गेले होते.